जोडी नसलेला हातमोजा

मित्रांनो, मी एक जुना हातमोजा आहे आणि भित्रा आहे. भित्रेपणाचं आधीच सांगून टाकतो, कारण पुढे तुम्हाला ते कळणारच आहे. बेसबॉलच्या खेळात चेंडू झेलायला चामड्याचा जाडजूड मोजा एका हातात घालतात, तो मी. ज्याचा जन्मच चेंडू अंगावर घेण्यासाठी झाला त्यानं चेंडूला भ्यावं, याचं तुम्हाला हसू येईल. हसा खुशाल. पण तो पांढरा, लाल टाक्यांचा, दगडासारखा कडक चेंडू सणसणत तोंडावर येताना तुम्ही एकदा पाहाच.

मला कोणी शिवलं ते ठाऊक नाही. मला आठवतं ते कुवेतमधलं जुन्या वस्तूंचं दुकान. तिथे लोखंडी टोपलीत मी वापरलेल्या बुटांखाली पडून होतो. बूट विकले जात, नवे बूट येत, मी तळाशीच. आपण इथेच कुजणार, ही माझी पहिली भीती. मग एके दिवशी हाफिज त्या दुकानात आले. हे मूळचे पनवेलचे, तिकडे एका लाँड्रीत कामाला होते. आपल्या मुलीला खेळाचं वेड आहे एवढं त्यांना माहीत होतं, आणि खेळ म्हणजे क्रिकेट, याबद्दल त्यांना शंका नव्हती. त्यांना वाटलं, मी विकेटकीपरचा मोजा. त्यांनी सगळी टोपली उपसली, दुकानदाराला दहा प्रश्न विचारले आणि माझा जोडीदार काही सापडला नाही म्हणून हळहळत मला एकट्यालाच घेतलं.

पनवेलच्या घरी मला मुलीच्या हातात देताना ते ओशाळून म्हणाले, "बेटा, एकच मिळाला. दुसरा बघून ठेवतो. पुढच्या सुट्टीत आणतो, इन्शाअल्ला."

मुलीचं नाव यूम्ना. ती पोट धरधरून हसली. "अब्बा, हा बेसबॉलचा आहे. याची जोडी नसते. एका हातानं झेलायचं, दुसऱ्यानं फेकायचं." तिनं मला उजव्या हातात चढवलं आणि मी असा बसलो की जणू मला तिच्याच मापानं शिवलं होतं. यूम्ना डावखुरी, आणि मीही डावखुऱ्यांचा मोजा. डावा हात फेकायला मोकळा राहावा म्हणून मी उजव्या हातात घालायचा असतो. जेवताना डावा हात पुढे केला म्हणून दादीचं रोज बोलणं खाणाऱ्या त्या मुलीसाठी कोणीतरी मुद्दाम काही बनवलंय, हे तिला पहिल्यांदाच दिसत होतं.

सुट्टी संपून निघताना हाफिजनी दारात पुन्हा विचारलं, "तरीपण बघू का दुसरा?"

"नको अब्बा. दोन-दोन घेऊन काय करू?"

मलाही हायसं वाटलं होतं. दुसरा आला असता तर तो माझ्याहून नवा असता, ही माझी दुसरी भीती. पण हा नकार लक्षात ठेवा, मित्रांनो. तो आम्हाला फार महागात पडणार होता.

त्यानंतरची दोन वर्षं माझ्या सुखाची. दादी मला खोबरेल चोळायच्या, "चमडा भुका राहिला तर फाटतो," म्हणायच्या. आणि शाळेच्या मैदानावर खेळ शिकवणारे हरेश सर यूम्नाला पहिल्या बेसवर उभं करायचे. बेसबॉलमध्ये चार बेस असतात. चेंडू टोलवला की मारणारी जीव घेऊन पहिल्या बेसकडे पळते. ती पोचायच्या आधी चेंडू तिथे बेसवर पाय ठेवलेल्या मुलीच्या मोज्यात आला, तर पळणारी बाद. म्हणजे बघा, सगळ्या बाजूंनी चेंडू येणार तो आमच्याकडे. प्रत्येक वेळी मी डोळे मिटून घ्यायचो. मोज्याला डोळे नसतात हे खरं, पण मिटून घ्यायचो. मग थाप पडायची, यूम्ना मला मिठीसारखं आवळायची, मुली ओरडायच्या, आणि मला वाटायचं, चला, आजचा दिवस निभावला.

मैदानाच्या कुंपणावर कमलाकर नावाचे एक गृहस्थ बसलेले असत. न्हावा शेव्याला कंटेनरचा ट्रेलर चालवायचे. पाळी नसेल त्या दिवशी पाय खाली सोडून कुंपणावर. त्यांची मुलगी संघात नव्हती, पुतणी नव्हती, कोणी नव्हतं, पण संघ कसा निवडावा हे त्यांच्याइतकं कोणालाच कळत नव्हतं. केबलवर अमेरिकेतले सामने बघून त्यांना हे वेड लागलेलं. "सर, ती प्राजक्ता पयल्या नंबरला कशाला? पलायला जड हाय ती. आमी सांगतो ते आयका." सर ऐकत नसत. खरं सांगायचं तर कमलाकर दहातल्या सात वेळा बरोबर असायचे.

माझंही मत विचाराल तर संघनिवड हा जगातला सगळ्यात भीतिदायक प्रकार आहे. चेंडू निदान समोरून येतो. निवड पाठीमागून येते.

त्या वर्षी गंगू संघात आली. पळस्प्याच्या पलीकडच्या कातकरी वाडीवरची. आईबाप दिवाळी झाली की वीटभट्टीवर जायचे आणि तिलाही न्यायचे. शाळा निम्म्यावर सुटायची. या वर्षी सरांनी वाडीवर जाऊन तिच्या बापाला, बुधाजीला, शब्द दिला होता: पोरगी जिल्ह्याच्या संघात आली तर तिची वसतिगृहात सोय करतो, भट्टीवर नेऊ नका. म्हणून गंगूला खेळायचं होतं. आवड म्हणून तर होतंच, पण त्याहून जास्त त्या सोयीसाठी. आणि ती फलंदाजी अशी करायची की कुंपणावरचे कमलाकरसुद्धा गप्प बसायचे.

पण ती उजवी, आणि सरांना तिच्यासाठी जागा दिसली ती पहिल्याच बेसची. मग सरांनी तोडगा काढला. डावखुऱ्या मुलीला डावखुऱ्या पिचरचा, म्हणजे चेंडू टाकणारीचा, चेंडू खेळायला जड जातो, उजव्या मुलीला सोपा. तेव्हा समोरची पिचर उजवी असेल तर यूम्ना, डावखुरी असेल तर गंगू. एक जागा, दोघींत वाटलेली. हिशेब चुकीचा नव्हता. मोठमोठे संघ असंच करतात, कमलाकरांनीही मान डोलावली. फक्त एक गोष्ट कोणाच्या ध्यानात आली नाही. फलंदाजी वाटून दिली, मोजा कोणी वाटून दिला?

तुम्हाला हे खुळेपणाचं वाटेल. पण आपल्याकडे सगळे क्रिकेटमध्ये वाढलेले. बाद होऊन आलेला पॅड सोडतो, जाणारा तेच बांधतो, एका किटवर गावचा गाव खेळतो. शाळेच्या पेटीत मोजे मोजकेच होते, मैदानात जितक्या मुली तितकेच, तेही मला धरून. तेव्हा यूम्ना बसली की तिची जागा गंगूला, आणि तिचा मोजाही गंगूला. सरांना यात वावगं काहीच दिसलं नाही. सरावात गंगू नुसती बॅट घ्यायची आणि आधीच्या सामन्यांत समोरच्या पिचर उजव्याच निघाल्या, म्हणून तोवर कधी प्रसंगच आला नव्हता.

तो आला जिल्ह्याच्या अंतिम सामन्यात. समोरची पिचर डावखुरी निघाली.

"गंगू आत. यूम्ना, तू बस," सर म्हणाले. "मोजा दे तिला."

गंगूनं मला हातात घेतलं आणि थबकली. उजवा हात तिला फेकायला हवा, म्हणजे मी डाव्या हातात जायला हवा. आणि मी तर उजव्याचा. तिनं मला उलटं-सुलटं करून पाहिलं. शेवटी माझ्या करंगळीच्या खोबणीत तिनं आपला अंगठा कोंबला. माझी झोळी, जिच्यात चेंडू अलगद बसतो, ती भलत्याच बाजूला गेली. तिच्या अंगठ्याचं मूळ उघडं पडल्यासारखं झालं, तिथे माझ्या चामड्याचा एक पातळ पदर तेवढा होता. आजवर मला माझं काय होईल याची भीती वाटायची. त्या दिवशी पहिल्यांदा दुसऱ्याची वाटली.

"बसतंय ना गं?" सरांनी लांबूनच विचारलं.

"हो सर. बसतंय."

बाकावर बसलेल्या यूम्नानं हे पाहिलं होतं. ती उठली, दोन पावलं पुढे आली आणि पुन्हा बसली. का बसली ते मला कळलं. ती बोलली असती तर सगळे म्हणाले असते, जागा गेली म्हणून पोरीला पोटदुखी झाली. कुंपणापाशी कमलाकर होतेच. "आता बगा मजा," ते म्हणत होते. "हीच खरी टीम हाय." त्यांची नजर बॅटवर होती. सगळ्यांचीच होती.

गंगूनं पहिल्याच वेळी चेंडू असा हाणला की आमच्या दोन मुली चारही बेस पळून आल्या, दोन धावा झाल्या. सर टाळ्या वाजवत होते. मग आमची क्षेत्ररक्षणाची पाळी आली आणि मी थरथरत बेसवर गेलो.

पहिला चेंडू प्राजक्तानं फेकला. गंगूनं मनगट वाकडं करून तो कसाबसा माझ्या झोळीत घेतला. पळणारी बाद. दुसरा माझ्या तळव्यावर आदळला, मला कळ आली, तिलाही आली, पण तिनं ओठ घट्ट मिटले. पुढच्या पाळीत आणखी एक. मी जेवढा फुगता येईल तेवढा फुगायचा प्रयत्न करत होतो. चामडं का फुगतं? प्रत्येक चेंडूला मला एकच वाटायचं: देवा, इकडे नको. दुसरीकडे कुठेही जा.

शेवटची पाळी. आम्ही एका धावेनं पुढे, त्यांची एकच मुलगी बाद करायची राहिलेली. यूम्ना बाकावरून ताडकन उठली आणि सरांकडे धावली. मला तिचे शब्द ऐकू आले. "सर, मला घेऊ नका, पण तिचा मोजा बदला. तो डाव्या हाताचा नाहीये. प्राजक्ताचा द्या तिला." सरांनी मान वळवली. पण पिचरचा हात तोवर खाली आला होता, बॅटचा टणका वाजला होता, आणि प्राजक्तानं चेंडू उचलून जिवाच्या आकांतानं आमच्याकडे फेकला होता.

तो बरोबर त्या पातळ पदरावर आला. मी त्याला अडवलं नाही, मित्रांनो. मला अडवताच आलं नाही. मोडल्याचा आवाज माझ्या आतून आला. चेंडू मात्र गंगूनं सोडला नाही. उजव्या हातानं तो माझ्यावर दाबून धरला, पाय बेसवर रोवला आणि पंचांनी बादची खूण केल्यावरच ती खाली बसली.

आम्ही जिंकलो. कोणी नाचलं नाही.

सर तिच्यापुढे गुडघ्यांवर बसले. मला त्यांनी हळूहळू तिच्या हातातून काढलं. अंगठा वांग्यासारखा सुजला होता. "का नाही सांगितलंस गंगू? मी विचारलं होतं ना?"

गंगू रडत नव्हती. ती म्हणाली, "सांगितला असता तर खेळवला असता का, सर?"

सरांनी आपला रुमाल तिच्या हाताला गुंडाळला. कमलाकर कुंपणावरून उतरून आले होते. मग त्यांनी आपल्या मोटरसायकलवरून गंगूला आणि सरांना दवाखान्यात नेलं.

प्लास्टर चढलं. जिल्ह्याचा संघ पुढे गेला तेव्हा गंगूचं नाव त्यात नव्हतं. सर वाडीवर गेले, वसतिगृहाचं पुन्हा बोलले. बुधाजी शांतपणे म्हणाला, "हात मोडून आनलाव तुमी तिचा. आता आमीच बगतो." दिवाळी झाली आणि ते सगळे भट्टीवर निघून गेले.

ते गेल्याचं कळलं त्या रात्री यूम्नानं कुवेतला फोन लावला. ती इतकी रडत होती की हाफिजना आधी कळेचना काय झालं. "अब्बा, दुसरा आणा. मी नको म्हणाले होते ना, तो दुसरा आणा. डाव्या हाताचा."

हाफिजनी आणला. मार्चच्या सुट्टीत आले तेव्हा कपड्यांत गुंडाळून, माझ्या अगदी उलट, आरशातला मीच. त्यांच्या ज्या चुकीला आम्ही इतके दिवस हसलो, तीच जोडी आता दिवाणाखाली शेजारी शेजारी पडली होती. नवा मोजा ताठर आणि माझ्याहून भित्रा. त्याच्यात कोणी हातच घातला नव्हता. ती येईल का, असं तो मला विचारायचा. मला काय ठाऊक? भट्टीवरून किती मुली परत शाळेत येतात ते मी ऐकून होतो. आम्ही दोघं नुसते भीत राहिलो.

जूनमध्ये शाळा उघडली. यूम्ना आम्हा दोघांना दप्तरात घालून मैदानावर घेऊन गेली. सरांनी मुलींना रांगेत उभं केलं होतं. अजून कोणाचं नाव त्यांनी घेतलं नव्हतं, कोण कुठे खेळणार हेही नाही. "आधी मोजे घाला आणि हात वर करा," ते म्हणाले, आणि एकेकीजवळ जाऊन बोटं चाचपून पाहू लागले. रांगेच्या टोकाला गंगू होती. भट्टीच्या उन्हानं काळवंडलेली, अंगठा किंचित वाकडा. कमलाकरांनी ट्रेलरच्या दोन फेऱ्या सोडून बुधाजीच्या किती मिनतवाऱ्या केल्या होत्या, ते मला नंतर कळलं.

यूम्नानं नवा मोजा तिच्या डाव्या हातात चढवला. सर तिच्यापुढे येऊन थांबले.

"बसतंय का?"

गंगूनं मोज्याकडे पाहिलं, मग सरांकडे. पुन्हा ती तेच म्हणणार, याची मला खात्री होती.

"नाय सर," गंगू म्हणाली. "अंगठा टोचतोय."

सर तिथेच मातीत बसले आणि मोज्याची वादी सैल करू लागले.

यूम्नाची शाळा संपली, आता मी शाळेच्या कपाटात असतो. चामडं कडक झालंय, खोबरेल लावायला दादी राहिल्या नाहीत, उंदरांची भीती वाटते ती वेगळीच. पण माझं एक मागणं आहे, मित्रांनो. तुम्ही कधी संघ निवडाल, कोणाला कुठे उभं करायचं ते ठरवाल, तेव्हा आधी त्याचे हात बघा. आणि कोणी घाईघाईनं 'बसतंय' म्हणालं, तर जवळ जाऊन पुन्हा एकदा विचारा.