दुसऱ्या डोळ्याची आखणी

कुंचल्याचं टोक आणि मूर्तीचा डोळा यांच्यात तांदळाच्या दाण्याएवढं अंतर होतं, आणि टोक तेवढ्याच अंतरात वरखाली होत होतं. कोपरापर्यंत ढुंढिराजांचा हात स्थिर होता. कंप मनगटात सुरू होई आणि बोटांत वाढे. त्यांच्या पत्नीनं, गोदावरीबाईंनी, आयुष्यभर कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवलं होतं. कंप कुठून येतो ते त्यांना कळत होतं. तो थांबवता येत नव्हता.

ढुंढिराजांनी कुंचला वाटीत ठेवला. "चहा घेऊन बघू."

चहा दोनदा झाला होता.

उद्या चतुर्थी. पाटावरच्या शाडूच्या गणपतीचा उजवा डोळा परवाच उघडला होता. त्या सकाळी हात इतका बरा होता की दोघांनाही वाटलं, गुण आला. डाव्या डोळ्याला सुरुवात केली आणि हात पुन्हा कापू लागला. एक डोळा उघडून उठायचं नसतं, डोळ्यांची आखणी एकाच बैठकीत संपवायची, हे ढुंढिराजच सगळ्यांना सांगत आले होते.

मूर्ती पुंजारामच्या घरासाठी होती. सातपूरच्या कारखान्यात ढुंढिराज टूलरूम बघत, तेव्हा तो त्यांच्या हाताखाली लेथवर होता. त्याला मुलगी झाली त्या वर्षापासून त्याच्या घरचा गणपती ढुंढिराज स्वतः करून देत.

'रोज कालच्यापेक्षा थोडं बरं', असं ढुंढिराजांनी टूलरूमच्या फळ्यावर लिहून ठेवलं होतं. निवृत्तीनंतर ते वाक्य घरी आलं, आणि हात कापू लागल्यावर त्याचं वेळापत्रक झालं. पहाटे प्राणायाम, मग रबरी चेंडू दाबणं, मग पाटीवर सरळ रेघा ओढणं. पुण्याहून सई, त्यांची मुलगी, व्यायामाचे व्हिडिओ पाठवी. डॉक्टर म्हणाले होते, कंप वाढायचा वेग कमी होईल, पण हात पहिल्यासारखा होणार नाही. हे दोघांनी ऐकलं होतं, आणि घरी येऊन दोघंही त्यावर एक शब्द बोलले नव्हते. चेंडू मात्र गोदावरीबाईंनीच आणला होता, आधी मऊ, मग कडक.

दुपारी पुंजाराम आला. डोक्याला टोपी, काखेत पाट, हातात नवा रुमाल. मूर्तीसमोर उकिडवा बसला.

"साहेब, बाप्पा डोळा मारतोय का काय मला?"

मग त्याचं लक्ष साहेबांच्या हाताकडे गेलं. त्यांनी तो मांडीखाली दाबून धरला होता.

"होतंय रे. बस जरा."

"बसतो ना, घाई नाय." तो गोदावरीबाईंकडे वळला. "वहिनी, वणीकडं एक वैदू हाय. लय भारी. नस दाबतो फक्त."

"त्याच्याकडेही जाऊन आलो."

"मग दुसरा बघू."

ढुंढिराजांनी कुंचला उचलला. गोदावरीबाईंनी दोन्ही तळहातांत त्यांचं मनगट धरलं. कंप त्यांच्या तळहातांत उतरला, पण कमी झाला नाही. काळा ठिपका पापणीखाली, गालावर पडला.

ओल्या कापसानं गोदावरीबाईंनी तो टिपला. त्याबरोबर अंगाचा रंगही निघाला आणि खालची पांढरी माती दिसू लागली. त्यांनी गुलाबी रंग कालवला आणि जागा भरून घेतली. कडा कुठे जुळली ते दिसलंसुद्धा नाही. प्रयोगशाळेत बेडकाच्या नसा मोकळ्या करणारे हात होते ते. डोळाही काढता आला असता, कदाचित. पण 'मी काढू का?' असं त्यांनी कधी विचारलं नव्हतं. विचारणं म्हणजे डॉक्टरांचं वाक्य आपल्या तोंडानं म्हणणं झालं असतं.

"साहेब, मी असाच नेतो," पुंजाराम हळू आवाजात म्हणाला. "आपलाच हाय तो. एका डोळ्यानं बी दिसंल त्याला."

"आणि पोरगी विचारेल तेव्हा?" ढुंढिराज म्हणाले.

पुंजारामनं रुमालाची घडी मोडली, पुन्हा घातली.

ढुंढिराजांनी कुंचला पाण्यात धुऊन पुसला. गोदावरीबाईंनी गुलाबी रंगाची वाटी उगाचच पुसली.

"गोदे, डावा डोळा तू काढ," ते म्हणाले. "उजव्यासारखा येणार नाही. नाही येऊ दे. आणि पुंजाराम, पुढच्या वर्षीचा गणपती दुसरीकडे सांगून ठेव. मी आता मूर्ती करणार नाही."