बिनखिळ्याचं वाचनालय

देवरीच्या अलीकडे, आमच्या गावात, सार्वजनिक वाचनालय होतं. आठ सागवानी खांब, त्यांवर तुळया, वर कवेलू, म्हणजे मातीची कौलं. त्या सांगाड्यात एकही खिळा नव्हता. लाकडाच्या खाचेत लाकूड बसवलेलं आणि त्यातून आरपार ठोकलेली खुंटी. तीस वर्षं मी तिथे ग्रंथपाल म्हणून पुस्तकं दिली-घेतली, पण मान वर करून ते नीट पाहिलं पाडायचं ठरल्यावरच.

त्या जागी सिमेंटचं सभागृह होणार होतं. निघालेलं लाकूड ठेकेदार टेकचंदला मिळणार होतं. ग्रामसभेत तो म्हणाला, "सांधे जाम झाले हायेत. मशीननं कापूनच काढा लागते."

मी सभेत कधी बोललो नव्हतो. त्या दिवशी उभा राहिलो. "खोलून काढू," मी म्हणालो. "माझ्या घरामागच्या वाडीत उभं करू."

"पुस्तक हाय का ते, बाबूजी, उघडाले?" टेकचंद म्हणाला. लोक हसले. मीही कसनुसा हसलो.

सरपंच दुर्गेश्वरीबाई हसल्या नाहीत. "आठ दिवस देते. उभं झालं तर वाचनालय तिथंच चालन. नाही झालं तर लाकूड टेकचंदभाऊचं."

फागू वाढई, गावचा सुतार, सत्तरीचा. हा सांगाडा त्याच्या बापाने रचलेला. लाकडी मोगरीने तो प्रत्येक खुंटी तिच्या बारीक टोकाकडून ठोकून काढायचा. कुठलं लाकूड कुठे बसतं ते कळावं म्हणून मी प्रत्येकावर खडूने आकडे घालत होतो. मला जमण्यासारखं तेवढंच होतं.

चौथ्या दिवशी अवकाळी पाऊस झाला. पाऊस थांबल्यावर पाहिलं तर एकही आकडा उरला नव्हता. वाडीत आणून टाकलेली छत्तीस लाकडं, सगळी सारखीच दिसणारी. जन्मभर रजिस्टरं लिहिणाऱ्या माणसाने हे काम खडूने केलं होतं. फागूला सांगताना माझी मान वर होत नव्हती.

"तुमी लिवून राहिले होते त मी काई बोललो नाई," तो म्हणाला. "म्हटलं, बाबूजीले बरं वाटते."

त्याने एक तुळई उलटवली आणि माझं बोट धरून खाचेत घातलं. आत पटाशीचे घाव होते, तीन उभे आणि एक तिरपा. एका खांबाच्या टोकावर तेच घाव.

"माह्या बापाले लिवता येत नोतं. पन कोनतं लाकूड कोनत्या लाकडात जाते, हे त्यानं कोरून ठेवलं."

आठव्या दिवशी सांगाडा उभा राहिला. कवेलू चढवायचे होते. तेवढ्यात टेकचंद चार मजूर, दोर आणि बोल्टांची पेटी घेऊन आला. मागून दुर्गेश्वरीबाई आल्या.

"बोल्ट घाला," टेकचंद म्हणाला. "उद्या कोनाच्या डोक्यावर पडलं त?"

"नाई घालत," फागू म्हणाला.

"मंग ओढून पाहू."

"ओढ ना. काऊन थांबला?"

मजुरांनी कोपऱ्यातल्या खांबाला दोर बांधला. मला लाकडातलं काही कळत नाही. आयुष्यात माझे बहुतेक अंदाज चुकलेले आहेत. तरी मी घरातून खुर्ची आणली, मधल्या तुळईखाली ठेवली, बसलो आणि पुस्तक उघडलं.

"केशोरावजी, उठा," दुर्गेश्वरीबाई म्हणाल्या.

"उठत नाही, बाई. त्यांना ओढू द्या."

मजुरांनी टेकचंदकडे पाहिलं. त्याने हाताने खूण केली. त्यांनी ओढलं. डोक्यावरून कर्रर्र असा आवाज या टोकापासून त्या टोकापर्यंत गेला.

"सांधे घट्ट बसून राहिले," फागू म्हणाला. "अजून ओढा."

पुन्हा ओढलं. ओल्या मातीत मजुरांच्या टाचा घसरल्या. खांब हलला नाही. माझी एक ओळही वाचून झाली नव्हती, पण मी उठलो नाही.

एका मजुराने दोर टाकला, मग तिघांनी. फागूने बोल्टांची पेटी उचलून टेकचंदच्या गाडीत ठेवली. "घेऊन जा. तुह्या सभागृहाले कामी येतीन."

"कवेलू कधी चढवता?" दुर्गेश्वरीबाईंनी विचारलं.

प्रश्न फागूला होता. उत्तर मी दिलं.

"उद्या. आणि परवा पुस्तकं."