चांगदेवांचा सिनेमा

“दुसऱ्या सिनेमात आमचे हे चालतात का?” ‘त्याऐवजी दुसरा सिनेमा बघा’ म्हणणाऱ्या फोनवरच्या मुलाला मंजुळाबाईंनी विचारलं.

सिनेमाच्या ॲपच्या तक्रार केंद्रात बसून दिवसभर लोकांच्या शिव्या खाणाऱ्या त्या बिचाऱ्याला हा प्रश्न आजवर कुणी विचारला नसणार.

गोष्ट साधी होती. चांगदेव कोलशेतच्या कारखान्यात कामाला असताना तिथल्या गेटवर एका सिनेमाचं शूटिंग झालं होतं. त्यात ते हातात डबा घेऊन गेटातून बाहेर पडतात, झपझप रस्ता ओलांडतात आणि एकदा उगाच मागं वळून बघतात, एवढंच. सिनेमा साफ पडला. पण अर्धांगवायूनं चांगदेव कळव्याच्या घरात खाटेला खिळले, तेव्हा मंजुळाबाईंनी पोळ्या लाटून मिळवलेल्या पैशांतून तो ॲपवर घेतला. भाड्यानंही मिळत होता, पण सुनेला त्यांनी मुद्दाम ‘खरेदी करा’ हेच बटण दाबायला लावलं. रोज संध्याकाळी दोघं ते चालणं बघायची. नवऱ्याला चालताना बघायला तेवढी एकच जागा उरली होती.

परवा तो सिनेमा ॲपवरून नाहीसा झाला.

“मॅडम,” मुलगा सावरून म्हणाला, “तुम्ही फक्त बघायचा परवाना घेतलेला. सिनेमावाल्यांशी आमचा करार संपला. अटींमध्ये लिहिलंय तसं. पैसे परत देतो ना.”

“बटणावर खरेदी लिहिलेलं ना? मी साडी घेतली, तर दुकानदार घरी येऊन कपाटातून काढून नेतो का?”

“नाही मॅडम.”

“मग पैसे नकोत मला. तुम्ही मला विकलेली वस्तू परत पाहिजे, असंच लिहून घे. आणि तू जेवलास का रे?”

फोन ठेवल्यावर सून दर्शना म्हणाली, “आई, सोडा ना. कोण ऐकणारे आपलं?”

“नाही ऐकलं तर नाही. पण गप्प बसले, तर मीच देऊन टाकला असं होईल.”

या बाईचं कौतुक करावं तेवढं थोडं. खरी परीक्षा मात्र संध्याकाळी होती.

“लाव,” चांगदेव जड जिभेनं म्हणाले.

मंजुळाबाईंना त्यांच्याशी खोटं बोलणं कधी जमलं नव्हतं. “नेला त्यांनी,” त्या म्हणाल्या.

चांगदेवांचे डोळे भरून आले. ते बघून मंजुळाबाई उठल्या. फळीवरचा जुना डबा काढला, पदर खोचला आणि स्वयंपाकघरातून थेट बाहेरच्या दारापर्यंत झपझप चालत गेल्या. चाल हुबेहूब चांगदेवांची, डावा खांदा जरा पुढे. दर्शनाला आधी हसू फुटलं, मग तिनं तोंडावर हात धरला.

“चुकलं,” खाटेवरून आवाज आला. “मागं... नाही बघितलंस.”

त्या दिवशी चांगदेवांनी मागं का बघितलं, हे सिनेमावाल्यांना कधीच कळलं नाही. गेटापाशी बघ्यांच्या गर्दीत नवी नवरी मंजुळा उभी होती.

मंजुळाबाई दारात थांबल्या. डबा या हातातून त्या हातात घेतला आणि वळून खाटेकडे बघितलं.