गुन्ह्याची जागा कोरी

कैसरियात रोमन सुभेदाराच्या कचेरीत मी वीस वर्षं कैद्यांचे गुन्हे लिहितोय. माझं अक्षर मोत्यासारखं, त्यामुळे गुन्हेसुद्धा देखणे दिसतात. पण त्या दिवशी गुन्ह्याची जागा कोरीच होती. यरुशलेमच्या याजकांनी तक्रार केलेल्या एका तंबू शिवणाऱ्यानं थेट रोमच्या बादशहाकडे, कैसराकडे दाद मागितली होती. आता रोमला पाठवायचा, तर त्यानं केलं काय ते लिहायला नको? सुभेदाराला काही उमगेना, म्हणून त्यानं आमच्या राजाला बोलावलं. यहुद्यांची भानगड यहुदीच सोडवणार!

"मत्तन, सूर्य बुडायच्या आत पत्र हवं," माझा वरिष्ठ दिओक्लिस म्हणाला. "सूर्य बुडाला की तुझा शब्बाथ, विश्रांतीचा दिवस सुरू. तू बोरूला शिवणार नाहीस आणि रोमचं जहाज तुझ्यासाठी थांबणार नाही. पत्र झालं नाही, तर परवापासून येऊ नकोस."

राजा दुपारी वाजतगाजत आला. मला तो मुळीच आवडायचा नाही. नावाला यहुदी, सगळं लक्ष रोमच्या मर्जीकडे. रोमला रुचेल असा एखादा गुन्हा तो चटकन काढून देईल, याची मला खात्री होती. आत राजासमोर कैदी बोलतच राहिला. इकडे उन्हं भिंतीवरून उतरायला लागली आणि मी नखं खात बसलो.

शेवटी दिओक्लिस कपाळाला हात लावून बाहेर आला.

"राजा म्हणतो, यानं काही केलंच नाही! कैसराकडे दाद मागितली नसती, तर आज सुटला असता. आता रोमला पाठवावंच लागणार."

"मग लिहू काय?"

"राजद्रोह लिही आणि घरी जा."

बोरू शाईत बुडवला, पण हात पुढे सरकेना. नावडता माणूस खरं बोलून माझी पंचाईत करून गेला होता. मी लिहिलं, 'खुद्द राजाच्या मते याचा काहीच गुन्हा नाही.'

"वेड लागलंय का तुला?"

"खोडा की साहेब. राजा खोटं बोलला, असं खाली लिहा आणि तुमचं नाव घाला."

त्यानं मला यथेच्छ शिव्या घातल्या आणि शिक्का मारला.

घरी पोचलो तेव्हा माझी बायको तिर्सा शब्बाथचा दिवा लावत होती.

"नोकरी राहिली?"

"राहिली! आणि ऐक, वीस वर्षांत पहिल्यांदा मी निर्दोष लिहिलं." छाती फुगवून मी सगळी हकीकत सांगितली.

"मग सुटला का तो?"

हातातली भाकरी हातातच राहिली. मला लाज वाटली.

"नाही," मी म्हटलं. "बेड्यांसकट रोमला चाललाय. पत्र मात्र छान झालंय."