मागल्या खोलीपर्यंत ठोका

हृदयाच्या झटक्यात माझ्या काळजाचा जो तुकडा मेला, ती आमच्या घराची मागली खोली होती. दवाखान्यातून परत आलो तर खोली जागेवरच होती, पण ठोका तिथं पोचत नव्हता. बाकीचं घर माझ्या छातीबरोबर हलायचं. स्वयंपाकघराच्या भिंती किंचित फुगायच्या, पुन्हा बसायच्या, फळीवरची ताटं वाजायची. तो ठोका मागल्या उंबऱ्यापाशी येऊन विरायचा. आत माशीसुद्धा उडता उडता हवेतच थांबलेली. खोटं वाटत असेल तर आमच्या गुरव आळीत कुणालाही विचारा. सगळ्यांनी बघितलंय आणि सगळे तिखटमीठ लावून सांगतात. मी तेवढं लावत नाही.

त्या खोलीत माझी बायको शेवंता उभी होती. मला हुडहुडी भरली म्हणून ती गोधडी आणायला आत गेली आणि तेवढ्यात झटका आला. गोधडी तिच्या दोन्ही हातांवर तशीच होती.

डॉक्टर बागवान बाई घरी आल्या. त्यांनी उंबऱ्याला स्टेथोस्कोप लावून बघितला.

"अण्णा, इथून पुढं नुसता व्रण आहे. व्रणातून वीज जात नाही, म्हणून ठोकाही जात नाही. आणि जिथं ठोका जात नाही, ती जागा ताणली जाते."

"म्हणजे?"

"खोली लांबतेय. ताणून ताणून भिंत पातळ झाली की फुटेल."

लांबत होतीच. सकाळी शेवंताच्या नाकातली चमकी दिसायची, दुपारी तिला लुगड्याच्या रंगावरून ओळखावं लागायचं.

बाईंनी एक मोठं पातेलं आणलं होतं. आत पांढरंशुभ्र, थुलथुलीत काहीतरी होतं. "हे जेल. पाण्यानं भरलेलं, मांसासारखं मऊ, आणि वीज वाहून नेणारं. उंबऱ्यापासून ताईंपर्यंत पसरलं की ठोका यावरून पलीकडं जाईल. मग हळूहळू तिथं जिवंत पेशी रुजतील. संध्याकाळी येते, आपण पसरू."

मी जरा आडवा झालो, तेवढ्यात शेजारच्या आक्काताई मगदूम आल्या आणि त्यांनी पातेल्यावरचं झाकण काढलं.

आमच्या आळीत गाय व्याली की खरवस घरात ठेवत नाहीत. एकट्यानं खाल्ला तर गाय आटते म्हणतात. शेवंता अडकलेली, म्हणजे वाटणार कोण? आक्काताईंनी सुरी घेतली, वड्या पाडल्या आणि घरोघर पोचवल्या.

मी उठलो तेव्हा त्या पातेलं घासत होत्या.

"आक्काताई, आमच्याकडं गाय कुठं आहे?"

"ते मला काय ठाऊक? खरवस दिसला, वाटला. अळणी होता बाई, वरून गूळ घातला मी."

"आणि मला?"

"तुम्हाला साखर हाय की!"

तोवर वड्या खाऊन आळी माझ्या ठोक्यावर चालायला लागली होती. न्हावी मारुतीचा वस्तरा ठोक्यागणिक गालावर थबकायचा. शिंप्याचं मशीन ठोक्याला एक टाका घालायचं. कोपऱ्यावरची कुत्री मात्र मोकळी भुंकत होती, त्यांना कुणी खरवस दिला नव्हता.

डॉक्टर बाई आल्या, त्यांनी रिकामं पातेलं उपडं करून बघितलं. आणखी जेल नव्हतं.

"माणसं आहेत ना," मी म्हणालो. "वाहणारं पोटात गेलं म्हणून वाहायचं थांबतं का?"

"थांबत नाही," बाई म्हणाल्या. "पण हात सुटता कामा नये."

मारुतीनं स्वयंपाकघराच्या भिंतीला तळवा लावला. त्याचा हात शिंप्यानं धरला, शिंप्याचा त्याच्या सुनेनं, आणि अशी सगळी आळी उंबरा ओलांडून आत निघाली. ठोका हातातून हातात जात होता. जिथं पोचला तिथली फरशी कोमट झाली, माशी उडून गेली. पण खोलीही हट्टी. रांग पुढं सरकली की तीही लांबायची. भिंती लाटलेल्या पापडाएवढ्या पातळ झाल्या, त्यांतून बाहेरचं ऊन दिसायला लागलं.

मग माणसं संपली. सगळ्यात पुढं आक्काताई होत्या, आणि त्यांच्यापासून शेवंतापर्यंत अजून एका माणसाची जागा उरली.

"अण्णा, तुम्ही नका," त्या ओरडल्या. "तुम्ही वडी खाल्ली नाही. तुमच्यातनं ठोका गेला नाही तर तुम्हीपण इथंच पुतळा व्हाल."

"झालो तर झालो. तिच्याशेजारी होईन."

"म्हातारपणी हट्ट!"

"हट्टच आहे. हात द्या."

त्यांनी हात दिला. ठोका माझ्या मनगटात आला, कोपरात आला, खांद्याशी येऊन थांबला. मी दुसरा हात लांबवला. बोटं गोधडीखाली गेली आणि शेवंताच्या बोटांना लागली. ठोक्यानं जरा वाट बघितली. मग छातीला वळसा घालून, मानेमागून, तो त्या दुसऱ्या हातात उतरला आणि पलीकडं गेला.

शेवंतानं श्वास घेतला.

"अहो," ती म्हणाली, "हात किती गार पडलाय तुमचा!"

आणि तिनं तो दोन्ही हातांनी घट्ट धरला. इकडून आक्काताईंनीही पकड सोडली नाही. पण शेवंता लांब जात लहान दिसायला लागली होती. दुसऱ्या बाजूला आक्काताईही लहान होत चालल्या होत्या. दोघींच्या मधे ठोका न पोचलेली माझी छाती त्या खोलीसारखी लांबत होती, पातळ होत होती, आणि तिच्यातून ऊन आरपार दिसत होतं.