रुख्माकाकीचा खांब

रुख्माकाकीच्या वावरातला खांब पुन्हा बिघडला, अन् माहं डोस्कं फिरलं. मी तिचा धुरेकरी, तिच्या धुऱ्याले लागूनच माहं वावर. लावणाऱ्यांनी आतापावतो वायर बदलली, डबा बदलला, मातीतल्या सुयाही बदलल्या. तरी त्याचं रडगाणं तेच.

एका संस्थेनं तळेगावच्या शिवारात असे खांब गाडलते. मातीत ओल किती, ते आपोआप वर्ध्याच्या हापिसात कळे. वैशाखात साऱ्या खांबांखाली माती कोरडी ठणठणीत, अन् काकीच्याच खांबाखाली ओल! म्हून आचल नावाची पोरगी सिंदी मेघेहून एसटीनं ये अन् दिवसभर उनात तारा उसकत बसे.

काकीले मात्र आनंद. तिचा नवरा नत्थूजी वारलता, एकुलती लेक जया सुरतेले दिलेली, ते दिवाळीलेही येत नव्हती. वावरातल्या खोपडीत एकटीच राहे. आचल आली का वरण-भाकर करे, अन् मंग पोरीनं काय खाल्लं, किती खाल्लं, हेच मले आठ दिवस आयकवे.

त्या खेपेले शेवटची बस हुकली. पोरगी काकीपाशीच राह्यली. सकाळी मी गेलो तं ते खांबापाशी डोक्याले हात लावून बसलेली. तेवढ्यात काकीनं आंघोळ करून तुळशीले पाणी घातलं, अन् उरला गडवा खांबाच्या बुडाशी रिकामा केला. वरून हळदीकुकूही लावलं.

"आजी, हे रोज करता?"

"मंग? आपल्यासाठी उनातान्हात उभा राह्यते बिचारा. त्याले घोटभर पाणी नाई पाजाव?"

मले हसू आलं, मंग रागही आला. पोरगी रागावली नाई. तिनं समजावलं का मशीन चांगली हाय, तुमचंच पाणी ते सांगून राह्यली. पण आता पुन्हा चुकला तं साहेब खांब उपटून जाम गावाकडं नेतीन.

काकी घाबरली. "नको नेऊ माय. तो हाय म्हून तं तू येतं."

दुसऱ्या दिवसापासून काकीनं पाणी बंद केलं. खांब बाकीच्यांसारखाच बोलू लागला. अन् पोरीचं येणं थांबलं. बिघाड नसला तं हापीस कायले पाठवीन?

पोळा गेला, कापूस फुटला, शेवटचा वेचा होऊन उलंगवाडी झाली. एसटीचा हारन वाजला का काकी हातातलं काम टाकून रस्त्याकडं पाहे. कोणी उतरत नसे. पुन्हा वैशाख आला. आता तिनं माह्याशी बोलणंही कमी केलं. मले सहन होईना. एक दिवस मीच गडवा भरून तिच्या हाती देल्ला.

"काकी, ओत. दोन दिवसांत येते का नाई पाय."

काकीनं गडवा घेतला, लय वेळ हातात धरला. मंग हळूच खाली ठेवला.

"नाई गा. पोरीनं साहेबाले सांगतलं असन का खांब तिनं नीट केला. आता बिघडला तं बोलणं तिलेच खा लागन."