कमरेभोवतीची लेकरं

मित्रांनो, नावावर जाऊ नका. मी एक जुनं समुद्रफूल आहे खरं, पण मला ना देठ, ना वास. मी चक्क एक प्राणी आहे. वाटीएवढं अंग, वर बोटांसारख्या शेंड्यांची झालर आणि मधोमध तोंड. डोळे नसताना मला सगळं कसं कळतं, ते मात्र विचारू नका.

थंडगार समुद्रातल्या एका खडकावर मी वाढले. पाणबुडेकाकांनी मला दगडासकट उचललं आणि या मत्स्यालयाच्या टाकीत आणून ठेवलं. इथलं पाणी गार ठेवणारं यंत्र दिवसभर घुंघुं करतं. लोक येतात, शेजारच्या रंगीत माशांचं कौतुक करतात आणि मला बघून न बघितल्यासारखं करतात. आधी वाईट वाटायचं, आता अंगवळणी पडलंय.

एकदा माझ्या पोटात पिल्लं तयार झाली. आमच्यातल्या पुष्कळजणी अंडी पाण्यात सोडून मोकळ्या होतात. माझ्या जातीचा जीव तेवढा घट्ट नाही. इवली पिल्लं माझ्या तोंडातून बाहेर आली, अंगावरून घसरत खाली गेली आणि कमरेभोवती चिकटून बसली. दोन-तीन महिने तरी ती तिथंच राहणार होती. मला खांदे नाहीत, तरी मी त्यांना अंगाखांद्यावरच वाढवत होते.

आमची टाकी सांभाळणारी ताई फार मायाळू. पूर्वी ती आजारी माशांवर उपचार करायची. अंगावर पांढरे ठिपके म्हणजे रोग, हे तिच्या डोक्यात पक्कं बसलेलं. दर सोमवारी ती जुन्या टूथब्रशने काच घासायची. त्या सोमवारी तिला माझ्या कमरेवरचे दाणे दिसले आणि तिचा जीव खालीवर झाला.

"थांब हं राणी, हे आधी काढून टाकू," असं म्हणून तिने ब्रश लावला. मी अंग चोरून गोळा झाले. तरी एक पिल्लू सुटलंच आणि ब्रशबरोबर घाण पाण्याच्या बादलीत गेलं.

तेवढ्यात पाणबुडेकाका आले. त्यांनी वाकून पाहिलं.

"अगं, काय करतेस? रोग नाही तो. लेकरं आहेत तिची."

ताईचा चेहरा उतरला. "एक तर मी बादलीत घालवलं, काका."

मग दोघांनी ती बादली थोडी थोडी पांढऱ्या ताटलीत ओतून पाहिली. जेवायची वेळ टळून गेली. माझा जीव टांगणीला लागला होता. शेवटी ताईला ते सापडलं, मोहरीएवढं, आक्रसलेलं. तिने चमच्याने ते माझ्या पायाशी सोडलं. दोनदा ते घरंगळलं. तिसऱ्यांदा ताईने हाताचा आडोसा धरला, तेव्हा कुठे ते माझ्या शेजारच्या दगडाला चिकटलं. मी हळूच एक शेंडा त्याच्याकडे वाकवला.

आता मी थकले आहे, रंगही उतरलाय. बाकीची पिल्लं कधीच सरकत लांब गेली, ते एक मात्र अजून शेजारीच आहे. मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. कुणाच्या अंगावर काही वेगळं दिसलं, तर घासायच्या आधी वाकून नीट बघा. ताई आता भिंग घेऊन येते. परवा सोमवारी ती माझ्या त्या लेकरापाशी बराच वेळ वाकून राहिली आणि कोरडा ब्रश तसाच खिशात ठेवून गेली. त्याच्या कमरेभोवती मोहरीएवढे दाणे आलेत.